पार्क की मोकळा डोंगर? स्कीवाल्यांचं भांडण आणि राजुऱ्याच्या पोरांचा प्रश्न

फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत मिलान-कोर्टिनाचं हिवाळी ऑलिंपिक झालं, आणि आपल्याकडे ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलाय त्यांच्याही मोबाईलवर स्कीइंगची रील्स सुरू झाली. एखादा पोरगा बर्फाच्या उतारावरून सुसाट येतो, लोखंडी पाइपवरून घसरत जातो, मग एका मोठ्या उंचवट्यावरून हवेत उडतो आणि चार-पाच गिरक्या घेऊन खाली उतरतो. पुढच्या रीलमध्ये दुसराच प्रकार. प्रचंड मोठा, कुणी हात न लावलेला पांढरा डोंगर आणि त्यावरून एकटाच माणूस खाली येतोय.

दोन्हीला आपण स्कीइंगच म्हणतो. पण स्की करणाऱ्यांमध्ये यावरून जुनी तट पडलेली आहे. एक गट म्हणतो खरी मजा पार्कमध्ये. दुसरा म्हणतो पार्क म्हणजे नुसती सर्कस, खरं स्कीइंग मोकळ्या डोंगरावर.

आता तुम्ही म्हणाल, चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आम्हाला या बर्फाच्या भांडणाशी काय देणं-घेणं? तर आहे. कारण माणसाने बांधलेल्या जागेवर शिकायचं की निसर्गाने दिलेल्या, हा प्रश्न बर्फापुरता नाही. राजुरा आणि जिवतीच्या आश्रमशाळांमधली पोरं २०१८ मध्ये एव्हरेस्टवर गेली, तेव्हाच तो आपल्या दारात येऊन उभा राहिला होता. फक्त तेव्हा सगळे हारतुऱ्यांत होते, म्हणून कुणी विचारला नाही.

आधी बर्फाचा वाद नीट समजून घेऊ, मग राजुऱ्याकडे येऊ.

टेरेन पार्क म्हणजे नेमकं काय?

स्की रिसॉर्टमध्ये साधारण तीन प्रकारची जमीन असते.

पहिली म्हणजे पिस्ट. यंत्राने रोज रात्री दाबून, सपाट करून ठेवलेला उतार. सर्वसामान्य पर्यटक इथेच स्की करतो.

दुसरी म्हणजे टेरेन पार्क. इथे बर्फाला मुद्दाम आकार दिलेला असतो. उडी मारायला उंचवटे, घसरत जायला लोखंडी रेल आणि पेट्या, आणि अर्ध्या कापलेल्या पाइपसारखा दिसणारा हाफपाइप. अनेक ठिकाणी प्रत्येक अडथळ्याला लहान, मध्यम, मोठा, अतिमोठा असे दर्जे दिलेले असतात. म्हणजे नवख्याने कुठून सुरुवात करायची ते पाटीवरच कळतं.

तिसरी म्हणजे पिस्टच्या बाहेरचा मोकळा डोंगर. इथे यंत्र नाही, पाटी नाही. भुसभुशीत बर्फ, खडक, झाडं, कडे, जे असेल ते. आपल्या देशात याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे काश्मीरमधलं गुलमर्ग. तिथला गोंडोला अफरवट डोंगरावर सुमारे ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो आणि तिथून खाली उतरणाऱ्या मोकळ्या उतारांसाठी जगभरातून लोक येतात.

पार्क आला कुठून?

ही गोष्ट मजेशीर आहे. १९८० च्या दशकात स्नोबोर्ड नावाचा प्रकार आला, तेव्हा अनेक स्की रिसॉर्टनी स्नोबोर्डवाल्यांना दारातच अडवलं. ही उनाड पोरं आमचा उतार खराब करतात, अशी तक्रार होती. अमेरिकेत अल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी ही बंदी अजून टिकून आहे. बाकीच्यांनी हळूहळू दार उघडलं. या नव्या मंडळींना उड्या मारायच्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे कोपरे तयार झाले. पार्क वाढले ते तिथून.

मग झालं असं, की स्कीवाल्यांची तरुण पोरं त्या कोपऱ्याकडे बघायला लागली. स्कीच्या अधिकृत स्पर्धांमध्ये उड्यांवर बरेच निर्बंध होते, काही प्रकारांत उलटी गिरकी घ्यायलाही परवानगी नव्हती. पार्कमध्ये असं सांगणारं कुणी नव्हतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी दोन्ही टोकांना वर वळलेली स्की बाजारात आली, म्हणजे उलट्या दिशेनेही उतरता येऊ लागलं, आणि पार्क स्कीइंग हा स्वतंत्र खेळच झाला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्कीचे स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे दोन्ही प्रकार आले.

थोडक्यात, ज्यांना मुख्य उतारावर जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी बाजूला काढून दिलेला कोपरा पुढे ऑलिंपिकपर्यंत गेला. हा मुद्दा लक्षात ठेवा, राजुऱ्याला परत लागणार आहे.

मग कुणाला काय आवडतं, आणि का?

सोपं उत्तर म्हणजे, ज्याची त्याची आवड. पण जरा खोलात गेलं की आवडीच्या मागे कारणं दिसतात.

पार्कवाल्यांचं पहिलं कारण म्हणजे पुन्हा पुन्हा करता येणं. एकच उडी एका दिवसात तीस वेळा मारता येते. काल जिथे चुकलो तोच उंचवटा आजही तसाच असतो, त्यामुळे चूक आपली होती की जमिनीची, हा गोंधळ उरत नाही. नवी गिरकी शिकायला याहून चांगली सोय नाही.

दुसरं कारण सोबत. पार्क छोटा असतो, सगळे एकाच ठिकाणी वर-खाली करत असतात. पडलात तर उचलायला माणूस असतो, जमलं तर आरडाओरडा करायला मित्र असतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ही गोष्ट डोंगराच्या शांततेपेक्षा जास्त ओढते, यात नवल काही नाही.

तिसरं कारण कमी बोललं जातं. पार्कला मोठा डोंगर लागत नाही. शहराजवळची छोटीशी टेकडी आणि कृत्रिम बर्फ करायचं यंत्र, एवढ्यावर पार्क उभा राहतो. ज्यांना आल्प्समध्ये आठवडाभर राहणं परवडत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मोकळ्या डोंगरवाल्यांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते पार्कमध्ये तुम्ही एक हालचाल शिकता, डोंगरावर निर्णय घ्यायला शिकता. बर्फ आज कसा आहे, ऊन कुठून येतंय, या उतारावर जायचं की मागे फिरायचं, हे सगळं स्वतः ठरवावं लागतं. फ्रीराइड वर्ल्ड टूर या मोठ्या स्पर्धेत तर खेळाडूंना स्पर्धेच्या उतारावर आधी सराव करायचीही मुभा नसते. समोरून, दुर्बिणीतून उतार बघायचा, मनात वाट आखायची आणि थेट उतरायचं.

वयाचाही भाग आहे. तिशी-पस्तिशीनंतर घट्ट बर्फावर आपटणं गुडघ्यांना परवडत नाही. कालपर्यंत पार्कमध्ये पडीक असलेले कितीतरी लोक हळूहळू डोंगराकडे सरकतात आणि मग तरुणांना सांगतात, पार्क काही खरं स्कीइंग नव्हे. म्हणजे ज्याला आपण तत्त्वाचं भांडण समजतो, त्यात थोडं भांडण गुडघ्यांचंही असतं.

यातलं सुरक्षित कुठलं?

बांधलेली जागा सुरक्षित आणि निसर्ग धोकादायक, असं वाटणं साहजिक आहे. पण ते पुरतं खरं नाही.

कॅनडाच्या सारा बर्क यांनी हाफपाइप स्कीइंग ऑलिंपिकमध्ये यावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पार्क सिटी इथे हाफपाइपमध्येच सराव करताना त्या पडल्या आणि काही दिवसांत त्यांचं निधन झालं. सोचीला त्यांचा खेळ पोहोचला, त्या पोहोचल्या नाहीत.

दुसरीकडे गुलमर्ग. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच हिमस्खलनात रशियाचा एक स्कीअर गेला. मोकळ्या डोंगरावर जाणारे म्हणूनच बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र, लांब सळई आणि फावडं सोबत ठेवतात. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला साधारण पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. खालून मदत येईपर्यंत ती संपलेली असतात.

म्हणजे धोका दोन्हीकडे आहे, फक्त त्याची जात वेगळी आहे. पार्कमध्ये तो तुमच्या हालचालीत असतो. उडी चुकली की तुम्ही पडता. डोंगरावर तो तुमच्या निर्णयात असतो. तुमची स्की अगदी बरोबर चालली तरी डोंगर तुमच्या अंगावर येऊ शकतो. पहिला धोका सरावाने कमी होतो. दुसरा कमी करायला अनुभव लागतो, वाटाड्या लागतो आणि मागे फिरायची तयारी लागते.

हेच भांडण दगडावर चढणाऱ्यांमध्येही झालंय

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण दगड भरपूर आहे. त्यामुळे आपल्याकडे हाच वाद प्रस्तरारोहणात दिसतो, कृत्रिम भिंत की खरा कडा.

याची सुरुवातही युरोपातली. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या १९ नामवंत आरोहकांनी एक जाहीरनामा काढला. प्रस्तरारोहणात स्पर्धा नकोत, हा डोंगराशी असलेला संबंध आहे, घड्याळ लावून मोजायची गोष्ट नाही, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी इटलीतल्या बार्दोनेक्किया इथे खऱ्या कड्यावर मोठी स्पर्धा झाली. आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतःच स्पर्धांमध्ये उतरले.

पण खरा धडा दुसराच होता. स्पर्धेसाठी खऱ्या कड्याची तोडफोड करावी लागते. पकडी ठोकून बदलाव्या लागतात, झाडोरा काढावा लागतो, गर्दीने पायथा तुडवला जातो. त्यामुळे काही वर्षांतच स्पर्धा कृत्रिम भिंतींवर गेल्या. म्हणजे ज्या भिंतीला नकली म्हणून हिणवलं जातं, तिनेच खऱ्या कड्याला वाचवलं, असंही म्हणता येतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हा खेळ पहिल्यांदा आला. त्यातला स्पीड क्लाइंबिंग हा प्रकार बघण्यासारखा आहे. १५ मीटर उंच, ५ अंश पुढे झुकलेली भिंत आणि तिच्यावरच्या पकडी जगभर एकाच मांडणीत बसवलेल्या. जकार्तात सराव करा की पॅरिसमध्ये, भिंत तीच. खऱ्या कड्यावर चढणाऱ्या अनेकांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो. त्यांच्या मते हे आरोहण नसून उभ्या दिशेची धावण्याची शर्यत आहे.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला काय झालं ते बघा. इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो ही भिंत ४.७५ सेकंदांत चढला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. बॅडमिंटन सोडून दुसऱ्या कुठल्याही खेळात इंडोनेशियाला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आल्प्स नाही, बर्फाळ पर्वतांची मोठी परंपरा नाही, तरी जमलं. कारण भिंत सगळीकडे सारखी होती आणि ती त्यांनी आपल्या देशात उभी केली होती.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. मुंबईच्या गिरिविहार या जुन्या गिर्यारोहण संस्थेने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंग या प्रकाराचा विश्वचषक भरवला. ही मंडळी मूळची खऱ्या दगडावरची, सह्याद्रीतल्या कड्यांवरची. त्यांना भिंत आणि कडा यांत एकच निवडावं असं वाटलं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्येही कृत्रिम भिंती आहेत. तिथे आठवडाभर सराव करणारी मुलं रविवारी ड्यूक्स नोज नाहीतर तैलबैलाच्या भिंतीवर दिसतात.

आता नकाशा जरा पूर्वेला सरकवा.

राजुऱ्याच्या पोरांनी एव्हरेस्ट कसा गाठला?

मे २०१८. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या या मोहिमेचं नाव होतं मिशन शौर्य. बोर्डा, देवाडा आणि जिवती इथल्या शासकीय आश्रमशाळांमधली ही पोरं. यातलं देवाडा राजुरा तालुक्यातलं. त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या पाचही जणांची नावं घेतली.

तेव्हा सगळीकडे एक वाक्य फिरत होतं. आदिवासी पोरं ती, मुळातच काटक, डोंगरदऱ्यांत वाढलेली, त्यांना काय अवघड!

हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात एक मोठी गोष्ट गायब होते, ती म्हणजे प्रशिक्षण. या मुलांचं प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं होतं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह असे टप्पे झाले. दोर, गाठी, हार्नेस, बर्फात पाय कसा रोवायचा, विरळ हवेत शरीर कसं वागतं, हे सगळं त्यांना शिकवलं गेलं आणि त्यांनी ते घोटून घोटून शिकून घेतलं. जिवतीची टेकडी चढता येते म्हणून कुणी आठ हजार मीटरवर चालू शकत नाही.

त्या टप्प्यांचा क्रम बघा. आधी घराजवळ शरीर घडवणं, मग दगडावर तंत्र, मग हिमालयातली संस्था, मग लेहची थंडी आणि शेवटी खरा पर्वत. जगभरात पार्क की डोंगर यावर लोक भांडतात, आणि आपल्या पोरांनी दोन्ही एका पाठोपाठ एक केलं.

आणि एव्हरेस्टबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तो तरी पूर्ण नैसर्गिक कुठे राहिलाय? दर हंगामात शेर्पा आधी जाऊन वरपर्यंत दोर बांधतात. नेपाळच्या बाजूने खुंबूच्या हिमप्रपातात ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकल्या जातात. बहुतेक सगळे कृत्रिम प्राणवायू वापरतात. म्हणजे जगातल्या सर्वोच्च पर्वतावरची रुळलेली वाटही अर्धी माणसाने बांधलेलीच आहे. यात त्या मुलांचं यश तसूभरही कमी होत नाही. उलट हे कळतं, की अस्सल आणि नकली अशी स्वच्छ रेघ कुठेच नसते.

मोकळा डोंगर इथे तितका मोकळा नाही

आता कुणी म्हणेल, राजुऱ्याला भिंत कशाला हवी? माणिकगड आहे, जिवतीचे डोंगर आहेत, जंगल आहे. पोरांना मोकळं सोडा, आपोआप शिकतील.

ही कल्पना पुण्या-मुंबईत बसून छान वाटते. इथे ती अडते.

राजुरा वनपरिक्षेत्र आणि आजूबाजूच्या भागात आरटी-१ नावाच्या वाघाच्या हल्ल्यांत आठ जणांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला पकडलं. गेलेली माणसं काही साहस करायला जंगलात गेली नव्हती. शेतात, रानात, रोजच्या कामाला गेली होती. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलांचा हंगाम आला की वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतातच. ज्या घरातला माणूस सकाळी रानात जाताना घरच्यांच्या जिवाला घोर लागतो, त्या घरातल्या पोराला निसर्गात जाऊन धाडस कर म्हणून सांगणं जरा विचित्रच आहे.

शेजारच्या गडचिरोलीत तर नक्षलवादामुळे कितीतरी वर्षं डोंगर आणि जंगल म्हणजे दोन बंदुकांमधली जागा होती. त्यात उन्हाळा. मार्चनंतर दुपारी इथल्या दगडाला हात लावून बघा, मग कळेल.

शहरातल्या माणसाला निसर्ग म्हणजे रविवार. जिवतीच्या पोराला निसर्ग म्हणजे सरपण, गुरं आणि पाणी. त्यामुळे अनगड डोंगराची ओढ ही बऱ्याचदा ज्याच्या रोजच्या जगण्यात डोंगर नाही त्याची ओढ असते. आल्प्समध्येही तेच. मोकळ्या डोंगराचं कौतुक परवडण्यासाठी आधी विमा लागतो, वाटाड्या लागतो, बचाव पथक लागतं.

मग बांधलेली जागा कुठे आहे?

अगदीच नाही असं नाही. राजुऱ्याहून वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर येतं. तिथे विसापूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. देशभरातली मुलं तिथे येऊन धावली.

पण तालुक्याच्या रस्त्यांवर पहाटे पाच वाजता काय दिसतं? पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर धावतायत. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कोळसा आणि सिमेंटचे ट्रक बाजूने जातायत, टाचा आणि नडग्या दुखतायत, तरी धावतायत. त्यांना डांबरी रस्ता आवडतो म्हणून नाही. दुसरं काही जवळ नाही म्हणून.

पूर्ण वादाची किल्ली इथे आहे. कुणाला काय आवडतं हे विचारायच्या आधी, कुणाला काय मिळतं हे विचारावं लागतं. आवड ही बऱ्याचदा जवळच्या सोयीतून तयार होते. पार्क जवळ असलेल्या पोराला पार्क आवडतो, गोंडोला परवडणाऱ्याला मोकळा डोंगर. आणि ज्याच्या जवळ काहीच नाही, त्याला कुणी आवड विचारतच नाही. त्याला थेट काटक म्हणून मोकळे होतात.

एक एव्हरेस्ट की एक भिंत?

पैशाचंही बोलू. एव्हरेस्टसाठी नेपाळ सरकार परदेशी गिर्यारोहकाकडून २०१८ मध्ये नुसत्या परवान्याचे ११ हजार डॉलर घेत होतं. सप्टेंबर २०२५ पासून ते १५ हजार झाले. शेर्पा, प्राणवायू, प्रवास, साहित्य धरलं तर एका माणसाची मोहीम सहज वीस-तीस लाखांच्या पुढे जाते.

याचा अर्थ मिशन शौर्य चुकीचं होतं असा नाही. त्या पाच जणांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली, की आश्रमशाळेतल्या पोराला योग्य शिक्षण मिळालं तर त्याची मर्यादा कुणी आधीच ठरवू नये. पण निवड झालेले थोडे असतात. निवड न झालेली शेकडो मुलं त्याच वसतिगृहात, त्याच मैदानावर राहतात. मोहीम संपली, सत्कार झाले, आणि त्यांच्या हाताशी नवं काय आलं, हा खरा प्रश्न आहे.

कारखाने आणि खाणींच्या भागात हे करता येतं याचं उदाहरण देशातच आहे. झारखंडमधलं जमशेदपूर. तिथे टाटा स्टीलने बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली साहसी खेळांची संस्था उभी केली, शहरात चढाईची भिंत आली, आणि त्या भिंतीवर शिकलेली झारखंडची मुलं-मुली आज राष्ट्रीय स्पर्धांमध्ये पदकं घेतात. त्यात आदिवासी घरांतली मुलंही आहेत. राजुरा आणि कोरपना भागातही कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. जमीन, जंगल आणि धूळ या भागाने दिली असेल, तर त्या पैशातून एका भिंतीची मागणी काही फार मोठी नाही.

यावर आक्षेप काय?

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला म्हणजे, भिंत बांधणं सोपं, चालवणं अवघड. फीत कापून झाली की कुलूप लागलेली क्रीडा संकुलं महाराष्ट्रात काही कमी नाहीत. चढाईच्या भिंतीवर तर हे जास्त धोक्याचं आहे. दोर वेळेवर बदलावे लागतात, पकडींचे बोल्ट तपासावे लागतात, खालून दोर सांभाळणारा माणूस शिकलेला लागतो. प्रशिक्षक नसलेली भिंत म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून मागणी करायचीच तर भिंतीची नाही, भिंत आणि पगारी प्रशिक्षक अशी जोडीने करायला हवी. आणि त्या जागेवर मिशन शौर्यसारख्या मोहिमांमधून तयार झालेल्या स्थानिक मुलांचा पहिला विचार व्हायला हवा. ज्याने खुद्द हे केलंय, त्याच्यापेक्षा चांगला शिक्षक कुठून आणणार?

दुसरा आक्षेप डोंगरवाल्यांचा. भिंतीवर शिकलेल्याला वाटतं आपल्याला सगळं येतं, आणि खऱ्या कड्यावर तो गोत्यात येतो. भिंतीवरची पकड घट्ट बसवलेली असते, कड्यावरचा दगड हातात येऊ शकतो. भिंतीवर आग्यामोहोळ नसतं, पाऊस नसतो, अंधार पडत नाही. हे अगदी बरोबर आहे. म्हणून भिंत हे शेवटचं ठिकाण नको. आठवडाभर भिंत, मग जाणत्या माणसासोबत, वनविभागाला सोबत घेऊन जवळचा डोंगर, आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी हिमालय. २०१७-१८ मध्ये दहा-पाच मुलांसाठी जो क्रम वापरला, तोच क्रम जास्त मुलांसाठी, जास्त स्वस्तात.

आणि सगळ्यांनी पुढे जायलाच हवं असंही नाही. एखाद्या पोरीला भिंतच आवडेल. तिला डोंगर नको असेल, १५ मीटरची शर्यतच हवी असेल. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीला स्वतंत्र पदक आहे. तिला कुणी म्हणू नये, की तू आदिवासी आहेस, तुला डोंगरच आवडला पाहिजे.

तर मग उत्तर काय?

पार्क की डोंगर, भिंत की कडा, या वादात जिंकण्यासारखं काही नाही. पार्क हालचाल शिकवतो, डोंगर निर्णय शिकवतो, आणि चांगल्या खेळाडूला दोन्ही लागतं. स्कीवाले हे भांडण आरामात करू शकतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांकडे दोन्ही आहे. सकाळी पार्क, दुपारी डोंगर, संध्याकाळी कुठलं भारी यावर चर्चा.

आवडीवरून भांडायची ही चैन राजुरा, जिवती, कोरपन्याच्या पोरांनाही मिळायला हवी. त्यांनी भिंतीवर चढून बघावं, डोंगरावर जाऊन बघावं आणि मग सांगावं, मला हे आवडतं आणि ते नाही. आज ती हे सांगू शकत नाहीत. पाच जणांनी एव्हरेस्ट गाठल्यावर त्यांच्या क्षमतेबद्दल कुणाला शंका उरायचं कारण नाही. राहिलंय ते एवढंच, की पुढच्या पाचशे जणांना रोज संध्याकाळी हात लावता येईल अशी पकड त्यांच्या शाळेपासून किती किलोमीटरवर आहे.